नागपूरच्या तलावावर लाँगबोर्ड विंडसर्फर कसा तपासायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वजन ७८ किलो, गोव्यात आठ-दहा दिवसांचं शिक्षण झालेलं, शीड उचलून सरळ जाता येतं, वळणं अजून कच्ची. नागपुरात एकाकडे साडेतीन मीटर लांबीचा, २२० लिटरचा, मध्ये डॅगरबोर्ड (बोर्डाच्या खाचेतून पाण्यात उतरणारं पातं) असलेला वापरलेला लाँगबोर्ड आहे. विकत घेण्याआधी तीन दिवस वापरून बघायला तो मिळणार आहे. तो कुठे आणि कसा तपासावा? की त्यापेक्षा १३० लिटरचा आखूड बोर्ड शोधावा?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. इथल्याच पाण्यावर फिरायचं असेल तर लाँगबोर्डच घ्या. हिशेब सोपा आहे. एक लिटर आकारमान गोड्या पाण्यात साधारण एक किलो वजन उचलतं. तुमचे ७८ किलो, बोर्डाचे १७, शीड, डोलकाठी आणि बूम (शीड धरायचा आडवा दांडा) मिळून ९, लाइफ जॅकेट आणि ओले कपडे धरून आणखी ३. बेरीज १०७. म्हणजे २२० लिटरच्या बोर्डाकडे ११३ किलोची शिल्लक राहते. १३० लिटरचा आखूड बोर्ड स्वतः वजनाला आठ किलो असला तरी बेरीज ९८ होते आणि शिल्लक उरते ३२. वारा अचानक पडला आणि तुमचा तोल अर्धं पाऊल मागे गेला की ही ३२ किलोची शिल्लक शेपटाकडून बुडायला लागते. आखूड बोर्ड पाण्यावर घसरायला, म्हणजे प्लेन व्हायला, तुमच्या वजनाला सलग १४-१५ नॉट वारा हवा (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किमी). आपल्याकडे मुद्दा 'सलग' या शब्दाचा आहे.

समुद्रावरचा वारा लांबून, सपाट पाण्यावरून येतो, म्हणून तो एकसारखा असतो. नागपूरचा वारा तापलेल्या जमिनीवरून, झाडं, इमारती, टेकड्या ओलांडत येतो. जमीन तापली की गरम हवा वर चढते, तिच्या जागी वरची वेगवान हवा खाली येते, आणि पाण्यावर तो झोत १५ नॉटचा होतो. मिनिटभरात तोच ५ वर येतो आणि दिशाही २०-३० अंशांनी सरकते. आखूड बोर्ड या खड्ड्यात थांबतो. लाँगबोर्ड लांब आणि जड असल्यामुळे आपली चाल धरून ठेवतो, झोत गेला तरी पुढच्या झोतापर्यंत सरकत राहतो. म्हणून या बोर्डाची परीक्षा त्याच्या कमाल वेगावर घेऊ नका. झोताच्या मधल्या ओसाड मिनिटांत तो कसा चालतो आणि वाऱ्याच्या तोंडी, म्हणजे वारा येतो त्या दिशेने, किती चढतो, हे बघा.

अशा बोर्डांचं घराणंही हेच सांगतं. १९७०च्या आसपासचा मूळ विंडसर्फर १२ फूट लांब होता आणि हलक्या वाऱ्यातही चालायचा. पुढे आखूड बोर्डांची लाट आली, तरी ऑलिंपिकमध्ये १९९६ ते २००४ डॅगरबोर्डवाला ३.७ मीटरचा मिस्ट्रल वन डिझाइनच राहिला. कारण शर्यत ठरलेल्या दिवशी घ्यावी लागते, वारा कसाही असो. तुमची सुट्टीही ठरलेल्या दिवशीच असते.

आता जागा आणि वेळ. अंबाझरी शहरातच आहे, पण धरणाची भिंत आणि सांडवा तलावाच्या पूर्व बाजूला, आणि पावसाळ्यातला मुख्य वारा पश्चिमेचा. म्हणजे काही बिघडलं तर वारा तुम्हाला थेट भिंतीकडे लोटतो. तलाव भरून ओसंडत असताना तिथे उतरणं हा वेडेपणा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच ओसंडलेल्या पाण्याने शहरात कसा पूर आणला ते सगळ्यांनी पाहिलंय. शिवाय जलपर्णी असते, तिचं पुढे सांगतो. तपासणीसाठी मला रामटेकजवळचा खिंडसी जास्त योग्य वाटतो. गाडीने पन्नासेक किलोमीटर, पाणी मोकळं, आणि नौकाविहार चालत असल्याने मोटरबोट जवळ असते. दोन्हीकडे आधी परवानगी विचारा आणि बोटवाल्यांना सांगून ठेवा की तुम्ही कोणत्या बाजूला जाणार आणि किती वाजता परतणार. मासेमाऱ्यांना जाळी कुठे लावलीत तेही विचारा. डॅगरबोर्ड पाण्यात साठ-सत्तर सेंटिमीटर खाली जातो. जाळ्यात अडकला तर त्यांचं जाळं फाटतं आणि तुम्ही पुढे फेकले जाता.

महिना निवडायचा तर पावसाळ्यातले उघडिपीचे दिवस आणि पोळ्यानंतरचे काही आठवडे. हिवाळ्यात वारा बहुतेक मंद असतो, तरी डॅगरबोर्ड शिकायला तो चांगला. नवतपात जाऊ नका. त्या दिवसांत सकाळी वारा नसतो, कारण रात्री गार झालेला हवेचा थर जमिनीला चिकटून बसलेला असतो आणि वरचा वारा खाली येऊ देत नाही. तो थर फुटून वारा सुटेपर्यंत दहा-अकरा वाजतात, आणि तोवर ऊन सोसवत नाही. दुसरं म्हणजे एप्रिल ते जूनमधले वळवाचे ढग. आभाळ कोरडं दिसत असताना क्षितिजावर काळा ढग चढला आणि तिकडून गार झुळूक आली, की त्यामागून काही मिनिटांत ३०-४० नॉटचा झोत येऊ शकतो. कार्बनची डोलकाठी वीज वाहून नेते आणि सपाट पाण्यावर सर्वांत उंच वस्तू तीच असते. गडगडाट ऐकू आला की बाहेर या, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' अ‍ॅप फोनमध्ये असू द्या.

वारा मोजायला हातातलं छोटं वातमापक यंत्र मिळालं तर उत्तम. नसेल तर बघून ओळखा. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, झेंडा फडकून उघडा राहत असेल तर ७ ते १० नॉट. रस्त्यावरची धूळ आणि कागद उडायला लागले, लहान फांद्या हलू लागल्या तर ११ ते १६. हवामानाच्या अ‍ॅपवर आकडे किमी प्रतितासात असतात, त्यांना १.८५ ने भागा. पहिल्या दिवसासाठी ७ ते १० पुरेसा आहे, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी १२ ते १५ शोधा.

पाण्यात उतरण्याआधी अंगणात अर्धा तास द्या. वापरलेल्या बोर्डाचं खरं दुखणं इथेच कळतं. आधी वजन. घरच्या वजनकाट्यावर तुम्ही एकटे उभे राहा, मग बोर्ड हातात धरून. फरक म्हणजे बोर्डाचं वजन. डॅगरबोर्ड काढून आणि बोर्ड दोन दिवस सावलीत सुकवून हे करा, आणि आकडा लिहून ठेवा. त्या मॉडेलच्या कारखान्यातल्या वजनापेक्षा दीड-दोन किलो जास्त भरला तर आतल्या फोमने पाणी प्यायलंय. मग अंगठ्याने डेक दाबत शेपटापासून डोलकाठीच्या खाचेपर्यंत या, विशेषतः टाचा पडतात तिथे. चांगला डेक अंगठ्याखाली हलत नाही. जिथे खालचा थर सुटलाय तिथे तो पापडासारखा किंचित दबतो आणि परत उचलतो. दहा रुपयांचं नाणं घेऊन त्याच रेषेत टकटक करा. 'टक' असा कोरडा आवाज हवा, 'ढब' आला तर तिथे पोकळी आहे. डॅगरबोर्डच्या खाचेच्या दोन्ही टोकांना आणि शेपटाखालच्या फिनच्या (छोट्या पात्याच्या) पेटीभोवती केसासारख्या भेगा असतात का ते टॉर्चने बघा.

या परीक्षेत नागपूरसाठी एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे: हवेचा स्क्रू. बहुतेक बोर्डांच्या डेकवर एक छोटा प्लग असतो. काहींना आपोआप श्वास घेणारी झडप असते, काहींना हाताने उघडायचा स्क्रू. दुसऱ्या प्रकारात स्क्रू घट्ट ठेवून बोर्ड उन्हात, गाडीच्या टपावर ठेवला, की आतली हवा फुगते, जायला जागा नसते आणि थर सोलून निघतो. आपल्याकडच्या ४४-४५ अंशांत हे एका दुपारात होतं. स्क्रू गाडीवर असताना सैल आणि पाण्यात उतरताना घट्ट, हाच नियम. मालकाला विचारा की तो स्क्रू ठेवतो कसा. उत्तरावरून बोर्डाचा निम्मा इतिहास कळेल. त्याखालचं रबराचं वाशर वाळून कडक झालं असेल तर बदला, काही रुपयांचं काम आहे.

डॅगरबोर्ड पायाने ढकलून पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून बघा. तो जागच्या जागी थांबला पाहिजे, सैल लटकला नाही पाहिजे. खाचेच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना रबराच्या पट्ट्या असतात. त्या फाटल्या असतील तर पाणी खाचेत उसळतं आणि वेग मरतो. डोलकाठीचं बूड ज्यात बसतं तो ट्रॅक पायाच्या पेडलने पुढे-मागे सरकतो का, हे वाळू-चिखल धुऊन बघा. मग मास्टफूटचा, म्हणजे डोलकाठी बोर्डाला जोडणाऱ्या भागाचा, रबरी सांधा हातात घेऊन ९० अंशांत वाकवा आणि वाकलेल्या बाजूकडे डोळे नेऊन बघा. सरळ असताना न दिसणारी चीर वाकवल्यावर उघडते. चीर दिसली तर त्या दिवशी पाण्यात जाऊ नका. हा सांधा तुटला तर बोर्ड आणि शीड वेगळे होतात, आणि बोर्ड वाऱ्याने तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने निघून जातो. सांध्याला आडवा सुरक्षा पट्टा आहे ना, तेही बघा.

शीड बांधण्यात बहुतेक लोक चुकतात आणि दोष बोर्डाला देतात. तुमच्या वजनाला पहिल्या दिवशी ५.५ ते ६.५ चौरस मीटरचं शीड घ्या. शिडावर सेंटिमीटरमध्ये दोन आकडे छापलेले असतात, लफ (डोलकाठीकडच्या कडेची लांबी) आणि बूम (बूमची लांबी). लफ ४५२ आणि डोलकाठी ४३० असेल तर डोलकाठीला खालून जोडायचं एक्स्टेंशन २२ सेंटिमीटरवर लावायचं. डोलकाठी जाड की पातळ प्रकारची, हे एक्स्टेंशनशी जुळतंय ना ते आधी बघा, नाहीतर खिंडसीच्या काठावर बसून परत यावं लागतं. आधी डाउनहॉल (शीड डोलकाठीच्या बुडाकडे ताणणारी दोरी) ओढा, वरच्या दोन बॅटनांच्या (शिडातल्या आडव्या पट्ट्यांच्या) मधली मागची कड थोडी सैल होईपर्यंत. हाताने पुरेसा ओढला जात नाही, कप्पीची दोरी हार्नेसच्या (कमरेच्या पट्ट्याच्या) हुकाला किंवा एखाद्या दांडक्याला गुंडाळून पाय टेकवून ओढा. मग आउटहॉल (शीड बूमच्या मागच्या टोकाकडे ताणणारी दोरी), हलक्या वाऱ्यात शीड सपाट झाल्यावर फक्त दोन-तीन सेंटिमीटर. डाउनहॉल कमी आणि आउटहॉल जास्त, ही नेहमीची चूक. शिडाचा भार मागे जातो, मागचा हात दुखतो, झोतात बोर्ड आपोआप वाऱ्याकडे वळतो, आणि माणूस म्हणतो बोर्ड वाकडा आहे. बूम खांदा आणि हनुवटी यांच्या मध्ये.

पाण्यात कमरेइतक्या खोलीपर्यंत चालत जा आणि तिथून पुढे डॅगरबोर्ड सोडा. काठाचा काळा गाळ गुडघ्यापर्यंत पाय ओढतो, म्हणून बांधलेले बूट हवेत, चपला नकोत. लाइफ जॅकेट नेहमीच.

पहिली फेरी डॅगरबोर्ड पूर्ण खाली, ट्रॅक मधोमध. वारा पाठीवर, बोर्ड वाऱ्याला आडवा, पाय डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना, पाठ सरळ ठेवून दोरीने शीड उचला. उचललं की लगेच निघू नका. शीड नुसतं धरून मागे कलवा, नाक वाऱ्याकडे वळेल. पुढे कलवा, नाक वाऱ्यापासून दूर जाईल. बोर्ड पूर्ण गोल फिरवून बघा. एवढ्यावरून तुम्हाला त्याचा तोल आणि डॅगरबोर्डची पकड दोन्ही कळतात, कारण बोर्ड त्या पात्याभोवतीच फिरतो.

आता खरी परीक्षा. वाऱ्याकडच्या काठावर एक झाड किंवा देऊळ हेरा आणि तिथपर्यंत चढा. डॅगरबोर्ड खाली असलेला चांगला लाँगबोर्ड वाऱ्याच्या दिशेपासून साधारण ४५ अंशांवर चढतो, म्हणजे एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळताना ९० ते १०० अंशांचा कोन पडतो. एखाद्या झाडाकडे जाताना मागे वळून बघा, बोर्डाने मागे टाकलेली पाण्याची रेघ आणि बोर्डाची दिशा एकच असावी. रेघ तिरपी पडत असेल तर बोर्ड बाजूला सरकतोय. कारण बहुधा डॅगरबोर्ड पूर्ण खाली गेलेला नाही किंवा पात्याला शेवाळं गुंडाळलंय. ट्रॅक थोडा पुढे घ्या. डॅगरबोर्ड खाली असताना पाण्याची आडवी पकड पुढे असते, म्हणून शिडाचा भारही पुढे आणावा लागतो. पुढे आणल्याने नाकही पाण्यात बसतं आणि पूर्ण लांबी वापरली जाते.

वाढत्या वाऱ्यात एक गोष्ट घडेल आणि ती पहिल्यांदा घाबरवते. वेग आला की वाऱ्याकडची कड तुमच्या पायाखालून उचलायला लागते. बोर्ड बिघडलेला नाही. पातं खालून वाऱ्याकडे जोर लावतं, शीड वरून उलटीकडे, आणि दोन्ही मिळून बोर्ड कलंडवतात. पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून हे हळूहळू न येता एकदम येतं. थोडी कड उचललेली असणं फायद्याचं आहे, बोर्ड कडेवर चढून वाऱ्याकडे जोरात चावा घेतो. पाय वाऱ्याकडच्या कडेवर ठेवून, पायाच्या बोटांनी उचल मोजत दहा-पंधरा अंशांवर धरा. त्यापुढे गेलं तर शीड थोडं सैल सोडा आणि डॅगरबोर्ड पायाने अर्धा वर घ्या. खरेदी करण्याच्या दृष्टीने हाच क्षण महत्त्वाचा: चालत्या बोर्डावर, दोन्ही हात बूमवर असताना, एका पायाच्या धक्क्याने पातं मागे जातं का? अंगणात हललं आणि पाण्याच्या दाबाखाली अडलं तर त्या बोर्डावर १२ नॉटच्या वर तुम्ही सतत पडाल. खाच धुऊन, पट्ट्यांना थोडं सिलिकॉन लावून पुन्हा बघा. तरीही अडत असेल तर किमतीत तो दोष धरा.

दुसऱ्या दिवशी, वारा १२ ते १५ असताना, पातं पूर्ण वर, ट्रॅक मागे, वाऱ्याला आडवं जा. आता पकड शेपटाकडच्या फिनवर आलेली असते, म्हणून भार मागे. झोत आला की आधी बूमवर लटका, मग एक-एक पाऊल मागे. उड्या मारून मागे गेलात तर शेपूट बुडतं. हलक्या आणि जोरदार दोन्ही वाऱ्यांत चालणारा बोर्ड इथे आपली बाजू मांडतो: शेपूट सपाट आणि कडा धारदार असतील तर तो पाण्यावर चढतो, आवाज बदलतो, पायाखालचा थबथबाट जाऊन सरळ सूं सुरू होते. गोल, जाड शेपटाचा जुना लाँगबोर्ड तेवढ्या वाऱ्यात नुसता ढकलला जातो. वाऱ्यासोबत खाली जातानाही पातं वर हवं. खाली राहिलं तर बोर्ड डावी-उजवीकडे डोलत तुम्हाला पाडतो.

वळणं कच्ची आहेत म्हणता, तर लाँगबोर्ड तुमचा शिक्षक होईल. टॅक (नाक वाऱ्यातून फिरवून दिशा बदलणं) करताना पुढचा हात डोलकाठीवर, शीड मागे, नाक वाऱ्यात येईपर्यंत थांबा आणि छोट्या पावलांनी डोलकाठीच्या पुढून फिरा. २२० लिटर तुम्हाला घाईशिवाय तो फेरा घेऊ देतात. दहा टॅक करा, त्यातले किती कोरडे, म्हणजे पाण्यात न पडता, झाले ते मोजा. तीन दिवसांत हा आकडा वाढला पाहिजे.

जलपर्णीचं राहिलं होतं. सरळ उभं फिन गवत गोळा करतं, वेग अचानक मंदावतो आणि वाटतं वारा पडला. अंबाझरीत जाणार असाल तर मागे कललेलं, गवताचं फिन लावा आणि डॅगरबोर्ड दर काही मिनिटांनी एकदा वर-खाली करा, चिकटलेलं सुटून जातं.

मध्यावर वारा गेला तर बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही. शीड शेपटावर आडवं टाका, बूम पाण्यातून वर राहील असं, गुडघ्यांवर बसा आणि हातांनी वल्हवा. डॅगरबोर्ड थोडा खाली ठेवलात तर बोर्ड सरळ चालतो. मदत हवी असेल तर दोन्ही हात बाजूला पसरून हळूहळू वर-खाली करा. नुसता एक हात हलवला तर काठावरचे लोक आनंदाने हात हलवून दाखवतात.

घरी कुठे ठेवणार, हे घेण्याआधी मोजा. साडेतीन मीटरचा बोर्ड इमारतीच्या लिफ्टमध्ये जात नाही, जिन्याच्या वळणावर तो उभा करून फिरवावा लागतो. टेप घेऊन ते वळण आजच मोजा. गाडीवर नेताना डेक खाली, फिन काढलेलं, पट्ट्यांना एक पीळ दिलेला म्हणजे त्या वाऱ्यात गुणगुणत नाहीत. पुढच्या टोकाला एक दोरी बंपरखाली बांधा.

तिसऱ्या दिवसानंतर बोर्ड सावलीत उभा करून खाचेतलं पाणी निथळू द्या, डॅगरबोर्ड काढा, दोन दिवस सुकवा आणि पुन्हा त्याच वजनकाट्यावर चढा. पहिल्या आकड्यापेक्षा अर्धा किलो जरी वाढला असेल तर पाणी आजही आत जातंय. मालकाला दोन्ही आकडे दाखवा, गळती शोधून दुरुस्ती होईपर्यंत पैसे देऊ नका.